पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरचा चीन

पेटी उघडावी आणि पांढऱ्या पट्ट्यांना हात न लावता फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरून पाहावं. काळी तीन षड्ज मानली की भूप वाजू लागतो. त्याच पाच पट्ट्या ठेवून षड्ज काळी चारवर नेला की मेघाची, मधमाद सारंगाची छाया येते. काळी पाचवरून मालकंस, काळी एकवरून दुर्गा, काळी दोनवरून धानी. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात, आणि भजनात पेटी धरणाऱ्या अनेकांना हा खेळ सरावानं ठाऊक असतो. चीनमधल्या एखाद्या संगीताच्या विद्यार्थ्यापुढे हेच वाजवलं, तर तो या पाच स्वरमेळांना ह्याच क्रमानं आपली नावं देईल : गुंग, शांग, ज्युए, जी आणि यू.

भाईंदर स्टेशनवरून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावं लागतात. आगरी वस्ती, आसपास मिठागरं, खाजण, खारफुटी. आणि आता चहूकडून चढत येणारं शहर. या पट्ट्यातल्या गावांत वर्षभर जे संगीत कानावर पडतं, त्यात तीन वाद्यं हटकून असतात. भजनात पेटी, मंगलकार्यात सनई, हळदीच्या रात्री बेंजो. तिन्हींचं चीनशी नातं आहे आणि तिन्हींच्या नात्याची दिशा वेगळी आहे. चिनी संगीत आणि नृत्य समजून घ्यायचं तर राजवंशांच्या याद्यांपेक्षा मला हीच वाट जवळची वाटते.

आधी त्या पाच स्वरांबद्दल. प्राचीन चीनमध्ये स्वर ही केवळ गायकाची बाब नव्हती. पाच स्वर पाच तत्त्वांशी जोडले होते. गुंग म्हणजे पृथ्वी आणि मध्य, शांग म्हणजे धातू आणि पश्चिम, ज्युए म्हणजे लाकूड आणि पूर्व, जी म्हणजे अग्नी आणि दक्षिण, यू म्हणजे पाणी आणि उत्तर. राज्य नीट चाललं आहे की नाही हे त्या राज्याच्या संगीतावरून कळतं, अशी त्या काळच्या विचारवंतांची श्रद्धा होती. म्हणून राजदरबारात सूर अचूक लावण्याला राज्यकारभाराचं महत्त्व होतं. १९७८ मध्ये हूबेई प्रांतात झंग राज्याच्या यी नावाच्या राजाची कबर उघडली, तेव्हा तिच्यात ६५ कांस्यघंटांचा संच मिळाला. काळ इ. स. पूर्व ४३३च्या सुमाराचा. यातली जवळजवळ प्रत्येक घंटा दोन वेगवेगळे सूर देते, एक मधोमध ठोकली की, दुसरा कडेला ठोकली की. आणि कोणत्या जागी कोणता सूर निघेल हे घंटेवरच कोरलेलं आहे. पाच स्वरांवर भर असला, तरी चिनी संगीतकार बारा स्वरस्थानं जाणून होते, हे त्या घंटा आजही वाजवून दाखवता येतं.

या बारा स्थानांची समान वाटणी कशी करायची, हा मोठा कूट प्रश्न होता. मिंग राजघराण्यातल्या झू झायय्यू या राजपुत्रानं १५८४ मध्ये तो गणितानं सोडवला. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडण्यासाठी लागणारं गुणोत्तर त्यानं कित्येक अंकांपर्यंत काढलं. युरोपात सायमन स्टेविननं हेच गणित थोडं नंतर मांडलं. आपल्या पेटीचे सूर नेमके याच समान वाटणीवर लावलेले असतात, आणि त्याचीच शिक्षा पेटीला आपल्याकडे भोगावी लागली. मींड घेता येत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, या कारणांनी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ज्या वाद्यावर मराठी रंगभूमी नादावली, ते वाद्य तीस वर्षं रेडिओच्या दाराबाहेर उभं राहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पेटीला परकी म्हणून हिणवणाऱ्यांनी तिला युरोपची मानलं. तिच्या पोटातला सूर मात्र त्याहून पूर्वेचा आहे. पट्टी दाबून भाता मारला की आत पितळेची एक पातळ जीभ थरथरते. ती एका टोकाला घट्ट बसवलेली असते आणि दुसऱ्या टोकानं आपल्याच आकाराच्या फटीतून मोकळी आत-बाहेर झुलते. हवेच्या झोतानं ती दर सेकंदाला किती वेळा झुलते, त्यावर सूर ठरतो. झुलणाऱ्या जिभेचं हे तत्त्व चीनच्या ‘शंग’ या वाद्यात दोन हजार वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. यी राजाच्या त्याच कबरीत शंगही सापडले. एका वाटीएवढ्या हवाकोशात बांबूच्या नळ्या उभ्या रोवलेल्या असतात, पारंपरिक शंगमध्ये सतरा. प्रत्येक वाजत्या नळीच्या तळाशी एक जीभ. नळीवरचं भोक बोटानं बंद केलं की ती नळी बोलते. वादक श्वास सोडतानाही वाजवतो आणि घेतानाही, त्यामुळे सूर तुटत नाही आणि एका वेळी दोन-तीन सूर एकत्र लावता येतात.

पेकिंगमधले फ्रेंच मिशनरी आमिओ यांनी १७७७ च्या सुमारास काही शंग पॅरिसला पाठवले. त्यानंतरच्या दशकांत युरोपातले कारागीर मोकळ्या जिभेच्या वाद्यांमागे लागले. माउथ ऑर्गन, अकॉर्डियन आणि हार्मोनियम ही सगळी त्याच काळाची अपत्यं, आणि शंगनं त्यांना वाट दाखवली असं वाद्यांचे अनेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या अलेक्झांडर देबाँनं १८४० मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांबरोबर ती भारतात आली. पायानं भाता मारायची ती अवजड पेटी मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या कामाची नव्हती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची सुटसुटीत पेटी घडवली आणि ती देशभर गेली. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर, म्हणजे पेटीतल्या या पितळी जिभा, नावाजले जाऊ लागले. एवढा वळसा घालून ही जीभ देवळातल्या भजनात येऊन बसली आहे.

सनईचा प्रवास उलट दिशेचा. दुहेरी पातीची, शंकूसारख्या नळीची ही वाद्यं इराण आणि मध्य आशियातून दोन्हीकडे पसरली. पश्चिमेकडून आलेलं हे वाद्य चीनमध्ये ‘स्वोना’ झालं. त्याचं नावही त्याच घराण्यातलं. आपली सनई मऊ होत गेली, स्वोना मात्र मोकळ्या मैदानात ऐकू जावी अशी कर्कश, तेज राहिली. उत्तर चीनच्या खेड्यात वरात असो की प्रेतयात्रा, स्वोनावाला हवाच. आणि हेच खेडवळ वाद्य चीनच्या नव्या संगीताच्या अगदी उंबऱ्यावर उभं राहिलं. १९८६ च्या मे महिन्यात बीजिंगच्या वर्कर्स जिम्नॅशियममध्ये त्स्वे च्येन नावाचा तरुण गिटार घेऊन आला आणि ‘माझ्यापाशी काहीच नाही’ अशा अर्थाचं गाणं गायला. चिनी रॉक संगीताची सुरुवात त्या गाण्यापासून मोजतात. त्यात गिटार आणि ड्रमच्या शेजारी स्वोना वाजते, आणि ती उपरी वाटत नाही. आपलं नवं संगीत सनईकडे अशा नजरेनं कधी बघेल, याची मी वाट बघतो आहे.

बेंजोची गोष्ट मला सगळ्यांत प्रिय आहे. हळदीच्या मांडवात तारांवर गज न फिरवता, पडदे न चाचपता, टाइपरायटरसारखी बटणं दाबत एक माणूस असा काही वेग घेतो की अंगणातल्या म्हाताऱ्याही उठतात. सोबत ढोलकी, ताशा, कॅसिओ, ऑक्टोपॅड. या बेंजोला कानांत साठवून मुंबईच्या वस्त्यांतली पोरं मोठी झाली. रवी जाधवांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटच केला. हे वाद्य अमेरिकेच्या बँजोचं नात्याचं नाही. नागोयाच्या गोरो मोरितानं १९१२ मध्ये, जपानच्या तायशो सम्राटाच्या पहिल्या वर्षी, ते बनवलं. टाइपरायटरच्या बटणांवरून त्याला कल्पना सुचली. बोटांनी तार नेमक्या जागी दाबायला वर्षानुवर्षं लागतात. बटण दाबलं तर ती जागा आपोआप मिळते. गरीब घरातल्या माणसालाही थोड्या दिवसांत गाणं वाजवता यावं, हा त्याचा मोठा गुण.

म्हणूनच ते बोटीबोटीनं आशिया आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरलं. आपल्याकडे बुलबुल तरंग, मकरानच्या बलुच गवयांकडे बेंजू, झांझिबारच्या ताराब संगीतात तायशोकोतो. चीनमध्ये त्याला ‘फंगह्वांगछिन’, म्हणजे फिनिक्स पक्ष्याचं वाद्य, असं नाव मिळालं आणि ते शाळा-शाळांत पोचलं. ल्यू शिंगलोंग यांची १९९२ ची एक गाजलेली दीर्घकथा डोंगरातल्या गरीब शाळेतल्या शिक्षकांची आहे. तिचं नावच ‘फंगह्वांगछिन’. तिकडच्या मास्तरांचं वाद्य आणि इकडच्या हळदीचं वाद्य एकच. आपल्या वादकांनी त्याला पिकअप लावला, अँप्लिफायर जोडला, लाकडी पेटी बदलली, आणि त्यातून जो आवाज निघाला तो मात्र या किनाऱ्याचाच.

अशी देवाणघेवाण न करता आपल्या जागी स्थिर राहिलेलं चिनी वाद्य कोणतं, असं विचारलं तर गुछिनचं नाव घ्यावं लागेल. सात तारांचं हे आडवं वाद्य मैफलीचं नाहीच. खोलीतल्या दोन-चार माणसांसाठी, कधी स्वतःपुरतंच वाजवायचं. तार छेडल्यावर डावा हात तारेवरून घसरत राहतो आणि विरत जाणाऱ्या आवाजातून सूर पुढं ओढला जातो. मींडेवर वाढलेल्या मराठी कानाला ते लगेच कळतं. १९७७ मध्ये अमेरिकेनं दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी पाठवली. तीत ग्वान फिंगहू यांचं गुछिनवादन आहे, वाहत्या पाण्यावरची रचना, साडेसात मिनिटांहून थोडी जास्त. तबकडीवरची सर्वांत दीर्घ संगीतरचना तीच. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दुसरं यान उडालं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. हे दोन आवाज आज सूर्यमालेच्या वेशीबाहेर एकत्र चालले आहेत.

आता नाचाकडे. चिनी नृत्य म्हटलं की लांब बाह्यांचे झोके घेणाऱ्या नर्तकी डोळ्यांपुढे येतात आणि हे हजारो वर्षं असंच चालत आलं असावं असं वाटतं. दरबारी नृत्यं जुनी होती, चित्रांत आणि मूर्तींत ती दिसतात. पण त्यांची सलग गुरुपरंपरा उरली नव्हती. आज ‘चिनी अभिजात नृत्य’ म्हणून जे शिकवलं जातं ते मुख्यतः १९५४ मध्ये बीजिंगला नृत्यशाळा निघाल्यानंतर घडवलं गेलं. जुन्या संगीतनाटकांतल्या हालचाली, युद्धकलेतल्या उड्या आणि रशियन बॅलेची तालीमपद्धत यांतून ते जुळवलं. यात कमीपणा काही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात जो कोळीनाच आपण पाहतो, टोपली, वल्हं, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, तोही मंचासाठी घडलेला आहे. ‘मी डोलकर’ हे घराघरांतलं कोळीगीत शांता शेळक्यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली आणि हेमंतकुमार-लतादीदींनी गायलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी ते आपलं म्हणून स्वीकारलं, आणि तेवढं पुरेसं आहे.

खरा लोकनाच म्हणजे उत्तर चीनचा यांगगे. भातलावणीच्या गाण्यांतून तो आला असं सांगतात. भाताची रोपं लावताना गाणाऱ्या आगरी बायकांना ही उत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही. नववर्षाच्या दिवसांत गाव ढोल, झांजा आणि स्वोनाच्या मागे रांगेनं निघतं, हातात पंखा किंवा कमरेला बांधलेला लाल रेशमी पट्टा, पावलं तिरकी, पुढं जाऊन किंचित मागं येणारी. मूळचा हा देवाला नवस फेडण्याचा, थट्टामस्करीचा नाच. १९४२ नंतर येनानच्या साम्यवाद्यांनी तो उचलला. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये पोचले होते तेच हे येनान.) देव आणि शृंगार काढून त्यात शेती, उत्पादन, लढाई घातली, आणि १९४९ मध्ये साम्यवाद्यांची सेना शहरांत शिरली तेव्हा यांगगे नाचत शिरली. पुढं सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत, १९६६ ते ७६, गावोगावच्या यात्रा, देवळापुढची नाटकं बंद पडली. व्यासपीठावर मोजकी ‘आदर्श’ नाटकं आणि बॅले उरले.

ज्या पिढीचं तारुण्य त्या काळात गेलं, त्याच पिढीच्या बायकांनी निवृत्तीनंतर चीनचे चौक भरून टाकले. संध्याकाळी जेवणं उरकली की कुठल्याही शहरात, मॉलपुढच्या मोकळ्या जागेत, पुलाखाली, बागेत पन्नास-शंभर बाया ओळीत उभ्या राहतात आणि स्पीकरवर गाणं लागतं. पावलांत यांगगे आहे, गाणं सिनेमाचं, पॉपचं, कधी २०१४ मध्ये गाजलेलं ‘छोटं सफरचंद’. याला चौकातला नाच म्हणतात आणि तो कोट्यवधी लोक करतात. आवाजावरून शेजाऱ्यांशी भांडणं झाली. २०१५ मध्ये सरकारनं बारा ठरावीक नाच आखून दिले, तेव्हा बायकांनीच नाराजी व्यक्त केली. जून २०२२ पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात या नाचाच्या आवाजाचाही विचार आहे. आपल्याकडे रात्री दहानंतर हळदीचा स्पीकर बंद करायला सांगितलं जातं तोच हा पेच. माझं मत विचाराल तर आवाज कमी करावा, नाच नको. कामाधामात आयुष्य घालवलेल्या बाईला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अंग मोकळं सोडून नाचायची जागा फार थोडी मिळते, तिथंही आणि इथंही.

मुंबईत चिनी नाच पाहायचा असेल तर माझगावला जावं. तिथं सी यूप लोकांचं १९१९ पासूनचं देऊळ आहे. सी यूप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके. तिथले खलाशी आणि कारागीर मुंबईच्या गोदीपाशी वसले होते. १९६२ च्या युद्धानंतर त्यांची वस्ती फार आटली. तरी चिनी नववर्षाला तिथं सिंहनृत्य होतं. दोन माणसं एका कातड्याखाली शिरतात, पुढचा डोकं आणि पापण्या हलवतो, मागचा कमरेतून वाकून पाठ होतो, आणि मोठा ढोल, घंटा नि झांजा सिंहाचा श्वासोच्छ्वास वाजवतात. सिंह दचकतो, लाजतो, झोपतो, ते सगळं ढोलावर अवलंबून.

त्या चार तालुक्यांच्या शेजारीच, मोत्यांच्या नदीच्या मुखाशी, झोंगशान आहे, आणि राईत बसून मला खरं सांगायचं आहे ते तिथलं. तिथं होड्यांवर राहणारे तांका लोक होते. त्यांना जमिनीवर घर बांधायची मुभा नव्हती, किनाऱ्यावरचे लोक त्यांच्याशी सोयरीक करत नसत. १७२९ मध्ये सम्राटानं फर्मान काढून जमिनीवर राहण्याची परवानगी दिली, तरी हेटाळणी सुटली नाही. समुद्र हटवून केलेल्या खाऱ्या शेतांत ते राबत. आपल्या खाजणांसारखीच ती जमीन, बांध घालून मिळवलेली. त्यांची गाणी ‘खाऱ्या पाण्याची गाणी’ म्हणून ओळखली जातात. एका नावेतून तरुण प्रश्न गातो, दुसऱ्या नावेतून तरुणी उत्तर गाते. लग्नापूर्वी नवरी सख्यांसह माहेर सुटण्याची रडगाणी गाते. १९५० नंतर हे लोक जमिनीवर घरं बांधून राहू लागले, आणि नावा सुटल्या तशी गाणीही सुटू लागली. २००६ मध्ये चीननं आपल्या अमूर्त वारशाची पहिली राष्ट्रीय यादी केली, तीत झोंगशानची ही गाणी घेतली. तिथं शाळांतून मुलांना ती शिकवली जातात.

आगरी-कोळी लग्नातले धवले याच जातीचे. घाणा भरण्यापासून मांडव, उंबर, हळद, प्रत्येक विधीला वेगळा धवला असतो आणि तो म्हणणारी धवलारीण एकेकाळी त्या लग्नाची पुरोहितच होती. तिच्या गाण्याशिवाय विधी पुढं सरकत नसे. या गानप्रकाराचं नाव किती जुनं आहे बघा : रिद्धपुरी महानुभावांच्या गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी महदंबेनं तेराव्या शतकात जे रचले तेही धवळेच, आणि तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात ती त्यांच्यामुळे.

पेटी, सनई, बेंजो यांची मला काळजी वाटत नाही. वाद्य वस्तू आहे; एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातं, नाव बदलतं, तरतं. धवला मात्र एका बाईच्या स्मरणात असतो. तो कागदावर नसतो, त्याला सूर धरायला वाद्य नसतं, आणि मांडवात बेंजो सुरू झाला की तो ऐकूही येत नाही. गाणी वाचवायची तर गाण्यांबरोबर ती कुठल्या कामाच्या वेळी, कुणाला उद्देशून, कुणी कुणाला शिकवली हेही टिपून ठेवायला हवं, कारण प्रसंग हरवला की ओळींचा अर्थ हरवतो. राई-मुर्धा-मोर्व्याच्या लग्नसराईत हे करायला मोबाइल पुरे आहे. बेंजोवाले यायच्या आधी, घाणा भरताना, तो धवलारिणीजवळ ठेवावा. ती गाते ते पूर्ण घ्यावं, मधले विधीचे आवाज कापू नयेत. मग तिला निवांत बसवून विचारावं : हा धवला तुला कुणी दिला, तिचं माहेर कुठलं, यातल्या मिठागराच्या आणि खाडीच्या शब्दांचा अर्थ काय, आणि याच्यापुढचा कुठला आता कुणाला येत नाही.